तीस मोजेपर्यंत

दादा, चेंडू तुझ्या मुठीत होता. हे आधी सांगून टाकते, कारण तेराव्यापर्यंत मी ते कुणालाच सांगितलं नाही. दवाखान्यात तुझे कपडे, घड्याळ, चष्मा असं सगळं एका पिशवीत घालून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि सगळ्यात वर तो लाल रबरी चेंडू ठेवला. सिस्टरने विचारलं, घरात लहान मूल आहे का. मी हो म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

आज तेवीस दिवस झाले. पेपरात छापायचं ते चुलतभावांनी छापून आणलं. फोटो तुझा बोटीवरच्या गणवेशातला, डोक्यावर केस होते तेव्हाचा. तू बघितला असतास तर खूश झाला असतास. कुठे जन्मलास, किती वर्षं बोटीवर होतास, मागे कोण कोण आहे, ते सगळं त्यात आलं. त्या मागच्यांत गोटीचं नाव नव्हतं. त्यावरून भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं, नाहीतर तुला माहीत आहे, मी सोडलं नसतं.

गोटी भुंकत नाही, दादा. त्या दिवसापासून एकदाही नाही. आवारात वानर उतरले तरी नाही, गॅसवाला आला तरी नाही. जेवण टाकते, पाणी पिते आणि पिंजऱ्याची जाळी चावत बसते. हिरड्यांतून रक्त येतं. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले, म्हणाले घसा ठीक आहे. पंधरा दिवसांनी आपत्तीच्या कचेरीतले साहेब शोधकुत्र्यांची पावसाळ्याआधीची चाचणी घ्यायला येतील. आपल्याकडची शिकणारी बाकीची दोन कुत्री अजून कच्ची आहेत, यादीत नाव आहे ते एकट्या गोटीचं. न भुंकणारी कुत्री दरडीच्या ढिगाऱ्यावर काय कामाची? ते नाव काटतील आणि गोटी जन्मभर पिंजऱ्यात राहील. तिच्यासारख्या कुत्रीचं पिंजऱ्यात काय होतं, हे तूच मला सांगितलं होतंस. ते आता माझ्या डोळ्यांसमोर होतंय आणि मला काही सुचत नाही.

तू बोटीवरून कायमचा परत आलास तेव्हा मला वाटलं होतं, नाटे गावातल्या आपल्या घरी राहशील, सकाळी जेटीवरून बांगडे आणशील आणि गावभर गप्पा मारत फिरशील. तुझं लग्न झालं नव्हतं, माझं टिकलं नव्हतं. पालीच्या पुढे सड्यावर, उघड्या कातळावर, मी भटक्या कुत्र्यांसाठी निवारा काढला, तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं, त्यात तूही होतास. फोनवर म्हणायचास, माणसं सांभाळता आली नाहीत म्हणून कुत्री सांभाळतेस. मला ते लागायचं. मग चार दिवस राहायला म्हणून आलास आणि गोटीच्या पिंजऱ्यासमोर बसलास तो बसलासच.

गोटीला तीन घरांनी परत आणून सोडलं होतं. कारण एकच, चेंडू. चेंडूपायी तिने एका घरची गादी फाडली, दुसऱ्या घरची तुळस मुळापासून उपटली. तिसऱ्या घरी चेंडू कौलांवर अडकला तर दोन दिवस उपाशी खाली बसून राहिली. मी तिच्या कार्डावर लिहिलं होतं, घरात ठेवण्याजोगी नाही. तू ते वाचलंस आणि विचारलंस, ही शोधताना कंटाळते का? मी म्हटलं, कंटाळेल त्या दिवशी पेढे वाटीन. तू खुर्ची आणखी पुढे ओढलीस. कुठल्याशा परक्या बंदरात भूकंपानंतर तू ढिगाऱ्यावर काम करणारी कुत्री बघितली होतीस. तिथल्या माणसाने तुला सांगितलं होतं की यातली बरीचशी निवाऱ्यातून उचललेली आहेत, कुणालाच नको असलेली. ते इतकी वर्षं तू मनात ठेवलं होतंस आणि मला मात्र टोमणे मारत होतास.

काम सोपं आहे असं तू आलेल्यागेलेल्याला सांगायचास. एकाने लपायचं, कुत्रीने वासावर शोधायचं आणि भुंकायचं, मग लपलेल्याने चेंडू द्यायचा. लपायचं काम कायम तुझं. अंधाऱ्या अडचणीच्या जागेत माझा जीव घाबरतो, म्हणून मी बाहेर. जागा होती ती धोंडूमामांच्या राखणीतली बंद चिरेखाण. मामांनी उभं आयुष्य तिथे जांभा कापला होता. एक धडधाकट माणूस रोज सकाळी येऊन स्वतःला फुटक्या चिऱ्यांखाली गाडून घेतो, याचं त्यांना पहिले सहा महिने हसू येत असे. नंतर ते आपल्याआधी येऊन रास रचून ठेवायला लागले.

दोन वर्षांपूर्वी डोंगर खाली आला त्या वाडीचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या माणसांना ते परत परत वाचायला लावू नये, हे तुझंच म्हणणं. तेव्हा गोटीची शिकवण माझ्या हातची होती. ती चार वेळा भुंकली की मी तुला हाक मारायचे, तू चेंडू द्यायचास. त्यामुळे चार वेळा भुंकून चेंडू मिळाला नाही की तो मागायला ती बाहेरच्या माणसाकडे धावायची. त्या दिवशी ती ढिगाऱ्याच्या पलीकडे गेली. पाऊस कोसळत होता, पोकलेन चालू होता, ती भुंकली असेल तर आपल्याला ऐकू आली नाही. मग धावत आपल्याकडे आली, शेपटी हलवत, चेंडू मागत. तिला कुणीतरी सापडलं होतं. कुठे, ते आपल्याला कळेना. पुन्हा सोडली तोवर चिखल सरकला होता. आपण अंदाजाने दाखवलेल्या जागी लोकांनी दुपारपर्यंत खणलं. तो माणूस दुसऱ्या दिवशी तिथून पंधरा पावलांवर मिळाला. काढणारे म्हणाले, जाऊन फार वेळ झाला नसावा.

येताना हातखंब्याला चहाला थांबलो तेव्हा कप खाली ठेवून म्हणालास, "उद्यापासून तीस."

तीस वेळा भुंकायचं, तेही जागा न सोडता. तोवर आतल्याने मेल्यासारखं पडून राहायचं. आतून आवाज येईपर्यंत बाहेरच्याने जागचं हलायचं नाही, मग काहीही होवो. तू ते बोटीवरच्या हुकमासारखं सांगितलंस. मी दोन वर्षं त्यावरून तुझ्याशी भांडले. तिला माणूस सापडला, तिचं काम झालं, मग दे ना तिचा चेंडू, तीस तीस वेळा कशाला घसा फोडायला लावतोस. एकदा तू वैतागून म्हणालास, "शैले, ढिगाऱ्याखाली माणूस असताना तुझी माया त्याच्या काय उपयोगाची?" मी दोन दिवस अबोला धरला.

मागच्या पावसात गोठ्याची भिंत पडून त्याखाली एक आजी अडकल्या होत्या. गोटीने जागा सोडली नाही. लोक नुसत्या तिच्या आवाजावर वाट काढत तिथे पोचले. आजी आता काठी टेकत फिरतात, यंदा त्यांनी ओले काजूगर पाठवले होते. ते सोलताना तू माझ्याकडे बघत होतास, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी उसळीत मीठ कमी पडलंय असं म्हणाले. तुझं बरोबर होतं, दादा. तू माझ्या टाकाऊ कुत्रीतून एका बाईचा जीव वाचवणारी कुत्री काढलीस, आणि माझ्यातूनही काहीतरी काढलंस. नवऱ्याचं घर सोडून आल्यावर मला पहिल्यांदाच वाटलं होतं की आपण कुणाच्या तरी कामाचे आहोत. हे त्या काजूगरांच्या वेळी तुला सांगायला माझं काय जात होतं?

त्या सकाळी तू छातीत जळजळतंय म्हणालास. आदल्या दिवशी फणसाची भाजी तीनदा वाढून घेतली होतीस. मी आमसुलाचं सरबत दिलं आणि वर ऐकवलं की वय झालं तरी जिभेला लगाम नाही. खाणीपर्यंत तेच चाललं होतं आणि शेवटी गाडी नेहमीप्रमाणे तिसावर आली. चाचणी जवळ आलीय, आज साठ करू, असं तू म्हणालास. मी म्हटलं, साठ कर नाहीतर शंभर कर, मी तोंड उघडणार नाही. माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं ते.

तू राशीतल्या कपारीत शिरलास, मामांनी गोटीपुरती फट ठेवून वर फळी ओढली, मी गोटीला सोडलं. दोन मिनिटांत तिने तुला शोधून काढलं आणि भुंकायला लागली, अगदी खणखणीत. मी बोटांवर मोजत होते. तीस झाले, साठ झाले, तुझा आवाज नाही. मी मनात म्हटलं, शंभर म्हणाले ना मी, आता मुद्दाम शंभर करून दाखवतोय. मोजायचं सोडून मी थर्मासमधला चहा ओतून घेतला.

मामा म्हणाले, "ताई, कुत्री कवापासून भुकतेय. दादांचा आवाज नाय."

"येईल," मी म्हटलं. "पडू दे त्याला. फिटू दे हौस."

मग गोटी जागा सोडून माझ्याकडे धावत आली. माझी ओढणी दातांत धरून ओढायला लागली. दोन वर्षांत तिने जागा सोडली नव्हती. मला काय वाटलं ते सांगते, लपवून काय करू? मला वाटलं, हा साठ-शंभर करायला गेला आणि हिची घडी विस्कटली, पुन्हा पहिल्यासारखी पळत यायला लागली. तू बाहेर आलास की हे तुला ऐकवायचं म्हणून मी खूशसुद्धा झाले. तिला बोट दाखवून ओरडले, "जा. जागेवर." आणि ती गेली, दादा. शिकवलं होतं तशी निमूट गेली. पुन्हा भुंकायला लागली, घसा बसला तरी भुंकत राहिली. मग थांबली.

ती थांबली तेव्हा मी उठले.

डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं असतंत तरी कदाचित उपयोग झाला नसता. त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं. पण त्यांच्या त्या कदाचितमध्ये मी तेवीस दिवस येरझाऱ्या घालतेय. असतं आणि नसतं, दोन्हीकडे जाऊन येते, कुठेच बसता येत नाही.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळे एकेक करून हात जोडत होते. कुणी म्हणालं नाट्याचं घर विकणार नाही, कुणी म्हणालं शैलाला एकटी पाडणार नाही. तुला काय ऐकायचं होतं ते मला माहीत होतं. मामा मागे उभे होते, त्यांनाही माहीत होतं. पण चारचौघांत खाणीतली ती गोष्ट माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, गोटीला परत भुंकती करीन. कावळा फांदीवरून हलला नाही. ऊन चढलं, लोकांची चुळबुळ सुरू झाली आणि शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. परतताना आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, तू त्याचं खूप केलंस गं. मी तिचा हात बाजूला केला, तर तिला राग आला.

तेराव्यानंतर मी गोटीला रोज खाणीत न्यायला लागले. मामा कधी झाडीत, कधी मोडक्या शेडमध्ये लपायचे. ती त्यांना लगेच शोधते, नाक तिचं होतं तसंच आहे. शोधते आणि शेजारी बसून राहते, तोंड मिटून. मी नवा चेंडू आणला, तिचा आवडता तळलेला बांगडा पुढे केला, एकदा तर रागाने ओरडलेसुद्धा. ती कान पाडून माझ्याकडे बघत बसली. तिचं काय चुकलं होतं? तिने माणूस शोधला, हवं त्याच्या तिप्पट भुंकली, कुणी आलं नाही. बोलवायला आली, तर हाकलून दिली. पुन्हा भुंकली, पुन्हा कुणी आलं नाही. भुंकून काही होत नाही हे तिला मीच शिकवलं, एका सकाळीत.

गेल्या सोमवारी मी तुझ्या कपारीत शिरले. मामा नको नको म्हणत होते. तू लपायचास तसं आडवं होऊन पाय पोटाशी घेतले, वर फळी आली आणि मी डोळे गच्च मिटले. मला इतकी वर्षं वाटायचं की आत काही ऐकू येत नसेल. मी तुला कधी विचारलं नाही आणि तूही कधी सांगितलं नाहीस. आत सगळं ऐकू येतं, दादा. मामा वीस पावलांवर बसून बायकोशी फोनवर हळू आवाजात बोलत होते, सुकत घातलेले बोंबील आत घे म्हणत होते. शब्द न् शब्द ऐकू येत होता. त्यांनी थर्मासचं झाकण फिरवलं तेही ऐकू आलं.

म्हणजे तू ऐकलंस. मी चहा ओतला ते ऐकलंस, पडू दे त्याला हे ऐकलंस. गोटीला परत पाठवलं ते ऐकलंस. तेव्हा तू शुद्धीवर होतास का, हे मला कुणी सांगू शकत नाही. पण चेंडू मुठीत होता. तू तो नेहमी पँटच्या खिशात ठेवायचास आणि तीस झाल्यावरच काढायचास. म्हणजे काढण्याइतकी शक्ती तरी तुझ्यात होती. आवाज फुटत नव्हता म्हणून काढलास का? गोटी तोंडात चेंडू घेऊन बाहेर आली तर शैलाला कळेल, ती येईल, असं तुझ्या मनात होतं का? तिला द्यायला तुझा हात पुढे झाला नाही, म्हणून ती रिकाम्या तोंडाने माझ्याकडे आली का? मी त्या कपारीत पडून हे सगळं मोठ्याने विचारलं. मामांनी ऐकलं असणारच.

गोटी आली. कपारीच्या तोंडाशी उभी राहून तिने मला हुंगलं. भुंक ना गं बाय, एकदा तरी भुंक, असं मी विनवत राहिले. तिने पुढचे पाय आत घातले आणि माझ्या छातीवर डोकं टेकून पडून राहिली. मामांनी फळी काढेपर्यंत आम्ही दोघी तशाच होतो. ती त्या दिवशी तुझ्याही छातीवर अशीच पडली होती का, म्हणून भुंकायची थांबली होती का? मी फळी सरकवली तेव्हा ती बाजूला उभी होती, एवढंच मला आठवतं.

कालचं सांगते आणि थांबते. काल मामा स्वतःहून म्हणाले, "आज मी जातंय दादांच्या जागेत." ते इतके दिवस त्या कपारीकडे पाठ करून बसायचे. मी घरी जाऊन दवाखान्याची पिशवी पहिल्यांदा उघडली आणि तुझा चेंडू काढून त्यांना दिला. तो मी धुतला नव्हता. मामा आत गेले, फळी मी ओढली, आणि त्या दिवशी उभी होते त्याच ठिकाणी येऊन उभी राहिले. गोटीला सोडलं.

ती गेली. राशीभोवती एक फेरी मारली आणि कपारीशी थांबली. तिची शेपटी सरळ झाली. चेंडूचा वास आला असेल, तुझ्या हाताचा आला असेल, मला काय कळणार. ती तशीच उभी राहिली. मी ओठ घट्ट मिटून होते. खाणीत कुठेच आवाज नव्हता. मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं, मी काय करते ते बघितलं, आणि भुंकली. एकदाच. आवाज फाटका होता, तिचा वाटतच नव्हता.

नियम मला पाठ आहे. एका भुंकण्यावर हललं की कुत्री एकच भुंकायला शिकते, आणि एक भुंकणं पोकलेनच्या आवाजात कुणाला ऐकू येत नाही. चाचणीला ती अशी उभी राहिली तर साहेब तिचं नाव काटतील, हेही मला पाठ आहे. तिला परत तिसावर आणायची असेल तर मला तिथे हाताची घडी घालून मोजत उभं राहावं लागेल. हे जमण्यातलं नाही, दादा. मी धावले. एक चप्पल मागे राहिली, जांभ्यावर गुडघा फुटला. दोन्ही हातांनी फळी ओढली तर मामा आत डोळे मिटून, चेंडू मुठीत धरून, अगदी गप्प पडलेले. तुझा नियम पाळत होते.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मग गोटीकडे.

"ताई," ते म्हणाले, "एकदाच भुकली. तीस व्हायची हायत अजून."

"व्हायची असू देत," मी म्हटलं. "मी आलेय."